खोट्या जखमेखाली

मला नवरे दोन. एक घरचा, तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. दुसरा कामावरचा. तो आठवड्यातून दोन दिवस, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, एका बाजूला काळी काच बसवलेल्या खोलीत माझा नवरा असायचा. हे लिहिते आहे ते ह्या दुसऱ्याबद्दल. घरचा म्हणतो, "लिही, लिही. माझ्यावर लिहायचं तर मला आधी मरावं लागणार, असं दिसतंय." त्याची जीभ तशीच आहे, पण त्या माणसाला पाठीवर घेऊन दोन मजले उतरला तोही हाच, म्हणून मी त्याला बोलू देते.

आमचं काम असं. एमबीबीएस होऊन पुढचं शिकणारे जे डॉक्टर असतात, रेसिडेंट, त्यांना खऱ्या पेशंटवर सोडण्याआधी आमच्यावर सोडत. शेजारच्या खोलीत एक रबरी बाहुला होता. तो डोळे मिचकावायचा, त्याची छाती वरखाली व्हायची, भिंतीआडून कोणीतरी माइकवर त्याच्या वतीने कण्हायचं. साखर एकदम खाली गेलेला, साखर वर जाऊन बेशुद्ध पडलेला, सगळे प्रसंग त्या बिचाऱ्यावर. पण बाहुला वाद घालत नाही. वाद घालायला, थापा मारायला आणि सुईला घाबरायला जिवंत माणूस लागतो. म्हणून आम्हाला ठेवलं होतं. डायबेटिसच्या धड्यात तो पेशंट आणि मी त्याची बायको.

खोलीत मी त्याला "अहो" म्हणायचे आणि दाराबाहेर आलं की "दादा". तो आत मला "अगं" म्हणायचा आणि बाहेर "ताई". नव्या रेसिडेंटांना हे ऐकून ठसका लागायचा. एकीने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना?"

दादाचा जन्म वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीमागे गेला होता. लोक घाम पुसत, शिव्या पुटपुटत यायचे आणि हा जाळीतून म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं. आज माणूस पाठवतो. झालंच समजा." लोक शांत होऊन घरी जायचे. दिवे लागायचे तेव्हा लागायचे. ह्यात त्याला लबाडी वाटत नसे. "ताई, माणसाला दिवा नको असतो, कोणीतरी हो म्हटलेलं हवं असतं," असं तो मला सांगायचा, आणि मी म्हणायचे, "तुमच्या घरात अंधार झाला की मला सांगा हं, मी येऊन हो म्हणते." निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्याची बायको गेली. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हा एकटा, आणि बोलायला खिडकीसुद्धा नाही. आमच्याकडे आला तेव्हा तो माणसांसाठी आसुसलेला होता. मॅडमनी, म्हणजे हे सगळं शिकवणं चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी, त्याला पाहताक्षणी घेतलं.

आमच्या प्रसंगात तो गोळ्यांवर भागत नसलेला आणि इन्सुलिन नको म्हणणारा पेशंट असे. रेसिडेंटने उभ्याने बोलायचं नाही, खुर्ची ओढून समोर बसायचं. उपदेश करण्याआधी विचारायचं, "काका, इन्सुलिन म्हटलं की तुमच्या मनात काय येतं?" मग हा खाली बघत म्हणायचा, "सुई एकदा लागली की सुटत नाही म्हणतात." मी पदर सावरून म्हणायचे, "सांगून सांगून माझं तोंड दुखलं हो डॉक्टर, माझं ऐकतील तर शपथ." मग समजावणं. चांगलं समजावलं तर शेवटी हा एक सुस्कारा सोडायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरं. घेईन. एवढं सांगताय तर." ते "बरं" त्याने काय घासूनपुसून तयार केलं होतं! काळ्या काचेमागे बसून बघणारे शिक्षकही खूश होत, असं नंतर कळायचं. रेसिडेंट बाहेर पडताना जमिनीवरून चालत नसत. एक माणूस आपण मार्गावर आणला, असं त्यांना अगदी आतून वाटायचं.

आणि गंमत अशी, की ह्याला खरोखर डायबेटिस निघाला तोही त्याच खोलीत. साखर तपासायचं यंत्र नुसतं दाखवायचं असायचं. आकडा परीक्षक कागदावरून वाचून सांगे. पण एका सरावात एका घाबरलेल्या पोरीने खरंच त्याच्या बोटाला टोचलं. यंत्राने आकडा दाखवला. तो एवढा होता, की सगळ्यांनी यंत्रच बिघडलं म्हणून ठरवलं. यंत्राच्या पट्ट्यांची डबी फेकून दिली, नवी मागवली, त्या पोरीला टोचल्याबद्दल बोलणी बसली. डायबेटिस शिकवायच्या खोलीत बसलेल्या एवढ्या डॉक्टरांपैकी एकालाही वाटलं नाही, की पेशंटलाच डायबेटिस असेल. मला वाटलं. बाहेर आल्यावर मी त्याला धरून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेलं. आकडा खरा होता.

"मॅडमना सांगायचं नाही," तो म्हणाला. "खरा पेशंट ह्या कामाला चालत नाही. परीक्षा सगळ्यांना सारखी हवी, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मला काढतील, ताई. मग मी दिवसभर करू काय?"

मी म्हटलं, "नाही सांगत. पण औषध घ्यायचं. डॉक्टर सांगेल ते घ्यायचं."

"बरं. घेईन."

त्याच्या गल्लीतल्या डॉक्टरने आधी गोळ्या दिल्या आणि मग इन्सुलिनही लिहून दिलं. ते त्याच्या फ्रिजमध्ये बाटल्यांच्या मागे पडून असे. मी कधीमधी जाऊन बघायचे. ते कमी झालेलं दिसायचं नाही. मी ओरडले की म्हणायचा, "उद्यापासून." मी चिडायचे, रुसायचे, एकदा तर म्हटलं, "मी आता खोलीत तुमच्या शेजारी बसणार नाही, माझा घटस्फोट समजा." तो हसून हसून लाल झाला. दर आठवड्याला डॉक्टरांची रांग लागायची आणि एकामागून एक त्याच्या समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून, तेच सांगायचे: पाय जपा, रोज तळवे बघा, अनवाणी फिरू नका, सुई टोचून घ्या. जगातल्या कुठल्याही डायबेटिसवाल्याला एवढं कोणी समजावलं नसेल. आणि त्याने प्रत्येकाला हो म्हटलं होतं. मला वाटतं, हो म्हणून म्हणून त्याच्या मनात ते काम उरकल्यासारखंच झालं होतं. त्याने खरंच कोणाला फसवलं नाही. फसला तो एकटाच.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या, आणि पुढे मुंग्याही थांबल्या. तो खूश. "बघ, बरं झालं." मी म्हटलं, "दादा, पाय बरा झाला नाही, मुका झालाय. तुम्हाला हे शंभर पोरांनी सांगितलंय." तो म्हणाला, "शंभर कुठले, जास्तच असतील."

ह्या वर्षी मॅडमनी परीक्षेला नवा प्रसंग घातला: डायबेटिसच्या पेशंटच्या तळव्याला जखम. बायको ओढून दवाखान्यात घेऊन आलेली. जखम करायला एक बाई यायची, नाटकाच्या मंडळींची रंगभूषा करणारी. ती सिलिकॉनचा एक गोल तुकडा आणायची, मध्ये खड्डा, कडा पांढऱ्या, आत लाल आणि काळं. पायाच्या अंगठ्याच्या मागच्या फुगवटीवर तो गोंदाने पक्का बसवायची आणि वरून रंग. इतकी हुबेहूब, की पहिल्या वेळी मला चहा गेला नाही. पण चिकटवायला फार वेळ लागायचा आणि काढायला त्याहून जास्त. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात दादानेच तोड काढली. "कशाला रोज काढता? राहू दे. मी वर मोजा घालून घरी जातो. सकाळी नुसता रंग फिरवा." बाईला बरंच वाटलं. कोणालाही त्याच्या पायाला तो तुकडा टोचला असता, खुपला असता, त्याने रात्रीतून ओरबाडून काढला असता. ह्याला काहीच कळत नव्हतं. तो त्यावर चालला, बसने गेला, जिने चढला, आंघोळ केली आणि ओल्या मोज्यात पाय घालून पुन्हा आला.

परीक्षेचा नियम असा, की जखमेला हात लावायचा नाही. दाबलं तर रंग निघतो आणि पुढच्याला वेगळी जखम दिसते. म्हणून रेसिडेंटने तोंडाने बोलायचं: "आता मी दाबून पू येतो का बघतो. आता बारीक सळई घालून जखम हाडापर्यंत जाते का बघतो." परीक्षक "बघितलं" म्हणे आणि खूण करे.

शेवटच्या दिवशी सकाळी रंगवाली बाई घाईत होती. तिला दुसरीकडे जायचं होतं. तिने कडांवर कुंचला फिरवला आणि म्हणाली, "ओल सुटलीय जरा, पण छान दिसतंय. एकदम खरं." ती गेल्यावर मी वाकून बघितलं. रंगाच्या कडेने काहीतरी चिकट पाझरत होतं, आणि वास येत होता.

"दादा, वास येतोय."

"गोंदाचा आहे. इतके दिवसांचा गोंद आहे, त्याला काय अत्तराचा वास येणार?"

"काढून बघू."

"आता? बाहेर रांग लागलीय. संपल्यावर काढतो. घरी गेल्या गेल्या."

आणि घंटा झाली. आता मला कोणी विचारू नये, की मग तू का नाही बोललीस. बोलले. त्या दिवशी एक उंच, चष्मेवाला मुलगा आला. चांगला मुलगा; पाय हातात घेताना त्याने आधी आपले तळहात एकमेकांवर चोळून गरम केले. जखमेपाशी वाकला, आणि थांबला. परीक्षकाकडे बघून म्हणाला, "सर, वास येतोय."

परीक्षक कागदातून मान न काढता म्हणाले, "हो, येतो असं समजा. पुढे."

मला राहवलं नाही. हे माझ्या कागदावर नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यांच्या पायाला खरंच वास येतोय हो. हे खोटं नाही. आत काहीतरी झालंय."

त्या मुलाने पाय हळूच खाली ठेवला. माझ्याकडे वळला, पुढे झुकला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काकू, तुमची काळजी मला समजतेय. तुम्ही घाबरला आहात, ते साहजिक आहे. आपण सगळं नीट करू." परीक्षकाने खूश होऊन कागदावर खूण केली. घाबरलेल्या नातेवाइकाला धीर देणं, हा स्वतंत्र मुद्दा होता. माझा नवरा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. त्याला वाटलं मी आज रंगात आलेय. मी पुन्हा तोंड उघडलं तर त्याने माझा हात दाबला आणि सुस्कारा सोडून म्हणाला, "बरं डॉक्टर. भरती होतो. एवढं सांगताय तर." घंटा झाली. पुढचा आत आला.

संध्याकाळी मी फोन केला. "निघालं का?"

"निघालं."

"तळवा बघितलात?"

"ठणठणीत आहे. आता झोपू दे, आठवडाभर तुझा नवरा होऊन दमलोय."

परीक्षा संपली की आमच्या इमारतीला सुट्टी लागते. मी माझ्या संसारात गुंतले. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, पोरांच्या परीक्षा होत्या. दोनदा फोन केला, दोन्हीदा "मजेत" म्हणाला. मग त्याच्या मुलीचा मला फोन आला, की बाबा काल सकाळपासून फोन उचलत नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, व्हॅन काढ. तो शाळेची पोरं सोडून नुकताच आला होता, तसाच निघाला. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. दादा पलंगावर, अंग भट्टीसारखं, ओठ सुकलेले. खोलीत तोच वास, पण आता तो दारातूनच येत होता. मोज्यावर त्याने रुमाल गुंडाळला होता. मला बघून म्हणाला, "आलीस? उद्या जाणारच होतो." घरच्या नवऱ्याने त्याला पाठीवर घेतलं आणि दोन मजले उतरून व्हॅनमध्ये आडवं केलं.

आमच्याच दवाखान्याच्या अपघात विभागात नेलं. खाट नव्हती, स्ट्रेचरवरच ठेवलं. आणि ड्यूटीवर कोण, तर तोच चष्मेवाला. आम्हाला बघून तो क्षणभर ओळखीचं हसला. "काका, तुम्ही इथे?" मग त्याने अंगाला हात लावला आणि हसू गेलं. बोटाला टोचलं, यंत्रावर आकडा येईना, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर. त्याने रुमाल सोडला, मोजा कात्रीने कापला.

तळव्यावर तो सिलिकॉनचा तुकडा अजून होता. अर्धा. दादाने ओढून बघितला होता, पोटामुळे हात पोचला नाही, नजरही धड नव्हती, म्हणून राहू दिला होता. लाल रंग, काळा रंग, पांढरी कड. त्या मुलाने तो ओळखला. तो तसाच थबकला आणि त्याने मान वर करून भिंतीच्या कोपऱ्यात बघितलं. आमच्या खोलीत तिथे कॅमेरा असतो. इथे कोळ्याचं जाळं होतं. मग त्याने चिमट्याने कड धरली आणि तुकडा ओढला. त्याच्याबरोबर काय काय आलं ते मी लिहीत नाही. ह्या वेळी त्याने दाबलं. सळई घातली, ती आत हाडाला जाऊन थांबली. दादाला काहीच दुखलं नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, पोरगा पास ना?"

त्यांनी सगळं केलं. मॅडम धावत खाली आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला ते बघवेना आणि त्यांची दयाही येईना. इन्सुलिन शिरेतून सुरू केलं. जे फ्रिजमध्ये पडून राहिलं होतं ते आता थेंबाथेंबाने जात होतं. पाय गुडघ्याखाली कापला. मग विष वर चढलेलं निघालं, मग गुडघ्याच्याही वर कापायचं ठरलं, पण रक्तदाब टिकेना. मी आयसीयूच्या दाराशी बसले तर शिपाई विचारी, "पेशंटच्या कोण तुम्ही?" मी कामावरची म्हटलं की तो म्हणे, "मग बाहेर थांबा." मुलगी पोचली तेव्हा त्याला ओळख उरली नव्हती. तिने त्याचा हात धरून विचारलं, "बाबा, औषध घेत होतात ना? मला तर रोज हो म्हणायचात." मी भिंतीकडे तोंड केलं.

तो गेला ते सांगायला तोच मुलगा बाहेर आला. मुलीला बाजूच्या खोलीत नेलं. दार अर्धं उघडं होतं, मी बाहेरून बघत होते. त्याने खुर्ची ओढली, तिच्या समोर बसला, तिला काय माहीत आहे ते आधी विचारलं, मग थोडा थांबून साध्या शब्दांत सांगितलं, आणि ती रडायला लागली तेव्हा गप्प राहिला. कुठे काही चुकलं नाही. मला त्या नीटपणाचा इतका संताप आला, की वाटलं आत जाऊन त्याचा चष्मा भिरकावून द्यावा. आणि तो तर माझ्या थोरल्याएवढा.

नंतर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, त्या दिवशी ते खरं होतं?"

"हो."

"तुम्ही मला सांगितलंत."

"सांगितलं."

"त्या प्रसंगात मला पैकीच्या पैकी मिळाले," तो म्हणाला. "मी दाबायला हवं होतं ना? तेव्हा दाबलं असतं तर?"

एरवी मी त्याला जवळ घेतलं असतं, म्हटलं असतं, तुझं काही चुकलं नाही रे. आम्हाला असं बोलायची सवय असते. पण मला ते जमेना. पाय धरून वास आला म्हणणारा त्या आठवड्यात तो एकटाच होता. आणि त्याच्या पैकीच्या पैकीमधले थोडे परीक्षकाच्या हातचे नव्हतेच. परीक्षक नुसती खूण करतात; नातेवाइकाला धीर कसा दिला, ह्याचे गुण आमच्यात नातेवाइकाचं काम करणाऱ्याने द्यायचे असतात. त्याचा आवाज मऊ होता, तो पुढे झुकला होता, आणि मी खरंच थोडी शांत झाले होते. त्याचे पूर्ण गुण मीच दिले होते.